‘आहे’ की ‘म्हणजे’?

गीसेनला राहायला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. फ्रँकफर्टच्या उत्तरेला, हेसन राज्यातलं हे विद्यापीठाचं गाव. आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्कर जर्मन जोडपं राहतं. ते शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवायचे, त्या नर्स होत्या. समोरासमोर आम्ही त्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे आडनावानंच हाक मारतो. पण घरात मराठीत बोलताना ते आमचे ‘खालचे आजी-आजोबा’. माझ्या मुलानं सातवीत लॅटिन घेतलं आणि आजोबांची नि त्याची गट्टी जमली. क्रियापदं अडली की हा वही घेऊन खाली पळतो.

गेल्या वर्षी वसंतात आम्ही सगळे मिळून कोपऱ्यावरच्या ग्रीक हॉटेलात जेवायला गेलो होतो. पश्चिम जर्मनीनं १९६० मध्ये ग्रीसशी कामगारांबाबत करार केला, त्यानंतर आलेल्या कुटुंबांमुळे इथे गावोगावी अशी हॉटेलं आहेत. बिल देऊन निघताना आजोबा मालकाला म्हणाले, "एफ्खारिस्तो." मुलानं लगेच विचारलं, याचा अर्थ काय? "आभारी आहे," आजोबा म्हणाले. "आणि याच शब्दापासून युकॅरिस्ट. गंमत बघ, शब्दाचा अर्थ नुसता ‘आभार’, आणि त्या एका जेवणापायी मी आणि ही पन्नास वर्षं रोज एका टेबलावर जेवतो, पण तिच्या चर्चमधल्या टेबलावर मात्र मला जागा नाही."

आजी म्हणाल्या, "आता पुरे." हसल्या मात्र नाहीत.

आजी फुल्डाकडच्या, कट्टर कॅथलिक घरातल्या. आजोबा प्रोटेस्टंट, त्यातही झ्विंग्ली आणि कॅल्व्हिनच्या ‘रिफॉर्म्ड’ परंपरेतले. दर रविवारी ते आजींबरोबर चर्चला जातात. कम्युनियनची वेळ आली की आजी उठून रांगेत जातात, आजोबा बाकावर बसून राहतात. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. मला ते ऐकून कसंतरीच झालं. आपल्याकडे रोटी-बेटी व्यवहार असा जोडशब्द आहे. इथे बेटी व्यवहार होऊन पन्नास वर्षं झाली आणि रोटी व्यवहार अजून अडलेलाच!

"कशावरून?" मी विचारलं.

"एका क्रियापदावरून," आजोबा म्हणाले. "चला, एकदा मारबुर्गला घेऊन जातो. जागेवरच सांगतो."

ज्या वाचकांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला. त्यानं भाकर घेतली, आभार मानले, ती मोडून शिष्यांना दिली आणि म्हणाला, हे माझं शरीर आहे. मग द्राक्षारसाचा प्याला दिला आणि तो आपल्या रक्ताशी जोडला. ख्रिस्ती लोक तेव्हापासून उपासनेत ही कृती करत आले आहेत. वसईच्या कॅथलिक घरांत तुम्ही ‘मिस्सा’ हा शब्द ऐकाल, नगरकडच्या प्रोटेस्टंट घरांत ‘प्रभुभोजन’. ग्रीक नाव ‘युखारिस्तिया’, म्हणजे आभार मानणं. त्यात ‘खारिस’ हा शब्द दडलेला आहे: कृपा, देणगी. पौल आणि लूक यांच्या लिखाणात भाकर मोडण्याआधी हेच ‘आभार मानले’ क्रियापद येतं. मार्क आणि मत्तय भाकरीच्या वेळी ‘आशीर्वाद दिला’ अशा अर्थाचं दुसरं क्रियापद वापरतात. दुसऱ्या शतकातला जस्टिन नावाचा लेखक तर त्या अन्नालाच ‘युखारिस्तिया’ म्हणतो. आधी कृतीचं नाव होतं, ते पुढे वस्तूचं झालं.

मारबुर्ग गीसेनहून रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत. लान नदी दोन्ही गावांतून वाहते. जुनं गाव टेकडीवर आहे, इतकं उंच की खालच्या रस्त्यावरून वर जायला चक्क सार्वजनिक लिफ्ट आहे. तिथून पुढे दगडी पायऱ्या आणि चढ. आजोबा मध्ये मध्ये थांबत, पण बोलायचे थांबत नव्हते. वर गडावर पोहोचलो तेव्हा खाली एलिझाबेथ चर्चचे दोन मनोरे दिसत होते.

१५२९ च्या ऑक्टोबरमध्ये या गडावर प्रोटेस्टंट पुढारी जमले होते. गडाचा धनी फिलिप, हेसनचा राजा म्हणा, त्या वेळी जेमतेम चोवीस वर्षांचा. परिस्थिती बिकट होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये श्पायर इथल्या दरबारात सम्राटाच्या बाजूनं झालेल्या निर्णयाचा निषेध केल्यामुळे या लोकांना ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडलं होतं. तिकडे सुलतान सुलेमानच्या फौजांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता. फिलिपला सगळ्या प्रोटेस्टंटांची एकजूट हवी होती. अडचण एकच: विटेनबर्गचा मार्टिन ल्यूथर आणि झुरिकचा हुल्ड्रिख झ्विंग्ली यांचं या जेवणाबाबत पटत नव्हतं. म्हणून फिलिपनं दोघांना समोरासमोर बसवलं.

चर्चा सुरू होण्याआधी ल्यूथरनं खडू घेऊन टेबलावर लॅटिनमध्ये चार शब्द लिहिले: होक एस्ट कॉर्पस मेउम. हे आहे शरीर माझं. मग त्यावर टेबलावरचं कापड ओढलं. वाद रंगला की कापड उचलून त्या अक्षरांकडे बोट दाखवायचं. लिहिलंय ना ‘एस्ट’? मग संपलं.

"पण मला तर एस्ट पहिल्याच आठवड्यात शिकवलं," मुलगा म्हणाला. "एस्ट म्हणजे आहे. त्यात भांडण्यासारखं काय आहे?"

आजोबा खूश झाले. त्यांना हाच प्रश्न हवा होता.

झ्विंग्लीचं म्हणणं असं: मूळ ग्रीकमध्ये ‘एस्तिन’ आहे, पण ‘आहे’चा अर्थ प्रत्येक वेळी ‘आहे’च असतो का? येशू म्हणतो मी द्राक्षवेल आहे. तो काय खरोखर वेल होता? योसेफ स्वप्नाचा अर्थ सांगताना म्हणतो, सात गाई ही सात वर्षं आहेत. गाई म्हणजे वर्षं, असाच त्याचा अर्थ ना? तसंच इथेही. भाकर म्हणजे शरीर, भाकर शरीराची खूण.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की मराठीत या दोन पक्षांसाठी दोन वेगळे शब्द तयारच आहेत. ल्यूथर ‘आहे’वाला, झ्विंग्ली ‘म्हणजे’वाला. हे माझं शरीर आहे. हे म्हणजे माझं शरीर. आपण भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतो, "हे आमचे आजोबा." हे आजोबांचं चित्र आहे, असं कुणी म्हणत नाही आणि पाहुण्यांचाही गोंधळ होत नाही. हा झाला झ्विंग्लीचा मुद्दा.

पण ल्यूथरकडेही उत्तर होतं. तो पैशाच्या थैलीचं उदाहरण द्यायचा. थैली पुढे करून ‘हे शंभर गुल्डन’ म्हटलं तर थैली ही काही पैशांची नुसती खूण नसते, पैसे खरंच आत असतात. आपल्याकडे आहेराचं पाकीट हातात ठेवताना "हे पाचशे एक" म्हणतात ना, तसं. लोखंड आगीत लाल झालं की ते लोखंडही असतं आणि आगही असते, हेही त्याचंच उदाहरण. भाकर भाकरच राहते, पण ख्रिस्ताचं शरीर तिथं खरोखर असतं.

आणि आजींचं कॅथलिक चर्च? ते दोघांच्याही पलीकडे जातं. रूप, रंग, चव भाकरीचीच राहते, पण आतलं तत्त्व बदलतं, ती आता भाकर नसतेच. १२१५ च्या लॅटेरन परिषदेनं यासाठी ‘तत्त्व बदलतं’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द वापरला आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं तो पक्का केला.

ल्यूथर आणि झ्विंग्ली या दोघांचा वाद इतक्या बारकाईनं होऊ शकला तो ग्रीक मजकूर हाताशी होता म्हणून. १५१६ मध्ये इरॅस्मसनं बाझेलला ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. झ्विंग्लीनं तर पौलाची पत्रं ग्रीकमध्ये स्वतःच्या हातानं उतरवून काढली होती. मारबुर्गलाही तो ग्रीकमधून वाचू लागला, तेव्हा ल्यूथरनं त्याला जर्मन नाही तर लॅटिन वाचायला सांगितलं. मग योहानाच्या सहाव्या अध्यायावरून जुंपली. तिथे ‘माझं मांस खाणारा’ अशी भाषा येते आणि ‘खाणं’ यासाठी मध्येच ‘त्रोगेन’ हे क्रियापद येतं, म्हणजे चावून चावून खाणं. कॅथलिक अभ्यासक म्हणतात, इतका रांगडा शब्द नुसत्या उपमेसाठी कोण वापरेल? झ्विंग्लीचं बोट मात्र त्याच अध्यायात पुढे होतं, जिथं म्हटलंय की मांसाचा काही उपयोग नाही, आत्मा जिवंत करतो. आणि तिथला शब्द ‘सार्क्स’, मांस. जेवणाच्या वेळचा शब्द ‘सोमा’, शरीर. झ्विंग्ली म्हणाला, या वचनानं तुमची मान मोडेल. ल्यूथर म्हणाला, इथे माना इतक्या सहज मोडत नाहीत, हे हेसन आहे, तुमचं स्वित्झर्लंड नाही. झ्विंग्लीला खुलासा करावा लागला की अहो, आमच्याकडची ती बोलायची पद्धत आहे. ‘आहे’वर भांडणारे दोघे वाक्प्रचारातच अडकले!

व्याकरणाचा आणखी एक वाद आजोबांनी सांगितला आणि त्यात मी मराठी असल्याचा मला फार उपयोग झाला. ग्रीकमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं. भाकर, ‘आर्तोस’, पुल्लिंगी. शरीर, ‘सोमा’, नपुंसकलिंगी. आणि वाक्यातलं ‘हे’, म्हणजे ‘तूतो’, नपुंसकलिंगी. ल्यूथरचा जुना सहकारी कार्लश्टाट यानं १५२४ मध्ये असा तर्क लढवला की ‘तूतो’ पुल्लिंगी भाकरीबद्दल असूच शकत नाही. भाकर देताना येशूनं स्वतःच्या अंगाकडे बोट दाखवलं असणार. आजोबा म्हणाले, इंग्रजी बोलणाऱ्याला हे समजावताना नाकीनऊ येतात. मी म्हटलं, मला नाही लागायचं समजावायला. हातात भाकरी धरून आम्ही म्हणतो, "हे माझं जेवण." भाकरी स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘ही माझं जेवण’ असं कुणी म्हणतं का? सर्वनाम पुढच्या नामाचं लिंग घेतं. कार्लश्टाटचा मुद्दा आमच्याकडे दुसरीतलं पोरही खोडून काढेल.

आजोबा जिन्यातच थांबले. "तुमच्या भाषेत हे असं आहे?" मग म्हणाले, "आणखी एक. येशू त्या रात्री बहुतेक अरामी भाषेत बोलला असणार. अरामीत अशा वाक्यात ‘आहे’ लागतच नाही. हे, माझं शरीर. बस्स."

मी म्हटलं, "मराठीतही नाही लागत. हे माझं घर. हा माझा मुलगा."

म्हणजे ज्या ‘आहे’वरून दोन चर्चं फुटली, तो शब्द मुळात उच्चारलाच गेला नसण्याची शक्यता! यानं कुणाची बाजू खरी ठरत नाही, हेही आजोबांनी लगेच सांगितलं. ‘आहे’ गाळलं तरी अर्थाचा प्रश्न राहतोच.

मराठीतून या ग्रीक वाक्यांकडे पाहणारी मी काही पहिली नव्हे. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि १९२२ मध्ये त्यांचा मृत्यू होण्याआधी ते पुरं केलं. आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नाव लिहून घेतलं.

मारबुर्गला शेवटी पंधरा कलमांचा मसुदा झाला. चौदांवर एकमत. पंधराव्यातही बहुतेक भाग मान्य. राहिला एवढाच प्रश्न की शरीर भाकरीत खरोखर आहे का. तेवढ्यावरून ल्यूथरनं झ्विंग्लीला धर्मबंधू मानायला नकार दिला. झ्विंग्लीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं तिथे हजर असलेल्यांच्या टिपणांत आहे. दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर १५३१ ला, कॅपेलच्या लढाईत तो मारला गेला.

परतीच्या गाडीत मी थोडी चिडलेलीच होते. माणसं अशी कशी? पंधरापैकी चौदा कलमं जुळतात आणि एका शब्दावर पंगत मोडतात? आजी आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "त्याला विचारा, तो उठून माझ्याबरोबर पुढे का येत नाही. आमच्या गर्दीच्या चर्चमध्ये त्याला कोण अडवणार आहे?"

आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "फादर हातात भाकर ठेवताना म्हणतात, ख्रिस्ताचं शरीर. आपण म्हणायचं, आमेन. म्हणजे होय, असंच आहे. मला तसं वाटत नाही. मी नुसत्या प्रेमापोटी आमेन म्हटलं तर हिला कळेल की मी खोटं बोललो. तेही तिच्या सगळ्यात पवित्र जागी."

मला वाटत होतं, नियम दुष्ट आहे आणि माणसं बिचारी आहेत. पण इथे तर माणूसच शब्दाला जागत होता. आपण रोज किती वेळा ‘होय, होय’ म्हणून टाकतो!

त्या रात्री घरी येऊन मी पौलाचं करिंथकरांना पत्र वाचलं. आजोबांनीच सांगितलं होतं, वाच म्हणून. या जेवणाबद्दलचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख तिथे आहे. साधारण इसवी सन ५५ च्या आसपासचा. आणि तो कशासाठी लिहिलाय? रागावण्यासाठी! करिंथमध्ये हे लोक एकत्र जमायचे, पण खाऊनपिऊन सुखी असलेले आधी जेवून घ्यायचे, काही जण तर नशेत असायचे, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहायचे. पौल म्हणतो, हे प्रभूचं जेवण नव्हेच, हे ज्याचं त्याचं स्वतःचं जेवण. ते प्रसिद्ध शब्द तो या रागाच्या भरात सांगतो. मग म्हणतो, जो ‘सोमा’ ओळखल्याशिवाय खातो तो स्वतःवर दोष ओढवून घेतो. आता हे कुठलं ‘सोमा’? भाकरीतलं? की शेजारी उपाशी बसलेली माणसं? कारण एक अध्याय आधीच त्यानं लिहिलंय की भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर. ‘कम्युनियन’ या शब्दामागचा ग्रीक शब्दही तिथेच आहे: ‘कोइनोनिया’, सहभाग, वाटून घेणं. अभ्यासक अजून या ‘सोमा’वर वाद घालतात. पण पत्राचा विषय पंगतीतला भेदभाव आहे, यावर वाद नाही.

आणि मग मला माझ्या आजीचं घर आठवलं. सांगलीजवळचं गाव. मागच्या दाराशी, कोनाड्यात एक कानतुटकी कपबशी वेगळी ठेवलेली असे. शेतावर काम करणाऱ्या एका मामांना त्यातच चहा मिळे. मी लहान होते, मी विचारलं होतं, यांचा कप वेगळा का? आजी म्हणाली, तसंच असतं. मारबुर्गवाल्यांनी निदान तीन दिवस भांडून, ग्रीक-लॅटिन पालथं घालून पंगत मोडली. आमच्याकडे भांडायलाही कुणी बसलं नाही. जन्म तेवढा पुरला. गाडीत मी ज्या तावातावानं बोलले होते, त्याची मला लाज वाटली.

या कथेत पुढे काही चांगलंही घडलं आहे. १९७३ मध्ये बाझेलजवळच्या लॉयनबर्ग इथे युरोपातल्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चेसनी करार केला आणि एकमेकांच्या प्रभुभोजनात सामील व्हायला मोकळीक दिली. ल्यूथर आणि झ्विंग्लीचे वारस ४४४ वर्षांनी एका टेबलावर आले. १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा इथे मान्य झालेल्या मसुद्यात सगळ्या प्रमुख परंपरांच्या अभ्यासकांनी ‘अनाम्नेसिस’ या ग्रीक शब्दावर भर दिला. ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ मधलं ते स्मरण. नुसती जुनी आठवण नव्हे, तर आठवताना ती घटना आज आपल्यापुढे उभी राहणं.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांचं मात्र अजून जुळलेलं नाही, आणि तिथे प्रश्न फक्त ‘आहे’चा नाही, उपासना चालवणाऱ्याला तो अधिकार कुणी दिला, चर्च कशाला म्हणायचं, हेही आहे. २०१८ मध्ये जर्मन कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं खालच्या आजी-आजोबांसारख्या जोडप्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका तयार केली: विचारपूर्वक, फादरांशी बोलून, प्रोटेस्टंट जोडीदाराला कम्युनियन घेता येईल का, याबद्दल. काही बिशपांनी हरकत घेतली, प्रकरण रोमपर्यंत गेलं, आणि शेवटी निर्णय ज्या त्या बिशपांवर आला.

सप्टेंबरात आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. आजींच्या चर्चमध्ये उपासना होती, आम्हीही गेलो. आजोबांनी आधी फादरांशी बोलून घेतलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

कम्युनियनची वेळ झाली. आजी उठल्या. या वेळी आजोबाही उठले. माझ्या मुलानं माझा हात घट्ट धरला. दोघं रांगेतून हळूहळू पुढे गेले. आजींनी भाकर घेतली, आमेन म्हणाल्या. आजोबांनी दोन्ही हात छातीवर दुमडून घेतले. ज्यांना कम्युनियन घ्यायची नसते ते असे हात दुमडतात. फादरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मग दोघं बरोबरच परत आले.

पन्नास वर्षांत ते पहिल्यांदाच बाकावरून उठले होते. ‘आमेन’ मात्र म्हणाले नाहीत.

दुपारी सगळे त्याच ग्रीक हॉटेलात जेवायला. मालकानं भाकरीची टोपली टेबलावर ठेवली. आजोबांनी एक तुकडा मोडला, अर्धा आजींना दिला, अर्धा स्वतः घेतला. आजी म्हणाल्या, "एफ्खारिस्तो." त्यांना एवढंच ग्रीक येतं.